पाटा इकडं, वरवंटा तिकडं

चारठाण्यात धुरपताबाईला भांडखोर म्हणणारं कुणी सापडलं नसतं. भांडखोर बाई दहाजणींशी भांडते. धुरपताबाईचं भांडण एकटीशीच होतं, तिच्या थोरल्या जावेशी, कस्तुराबाईशी. आणि तेही चौदा वर्षं इतक्या नेमानं चाललेलं, की एखाद्या सकाळी दोघींचा आवाज आला नाही तर शेजारीपाजारी काळजीत पडायचे. मग कुणीतरी येऊन विचारायचं, "तब्येत बरी हाय ना दोघींची?"

या भांडणाचं मूळ म्हणजे सासरे, आबासाहेब. आबासाहेब न्यायी माणूस होते, आणि न्यायी माणूस घरात असला की त्याचा ताप सगळ्यात आधी बायकांना होतो. त्यांना दोन मुलं. थोरले सिताराम, कस्तुराबाईचे मालक. धाकटे दत्तराव, धुरपताबाईचे. दोघा भावांत कधी वाकडा शब्द नव्हता. एका बैलजोडीवर शेत करायचे आणि एका फडक्यातली भाकरी खायचे. पण गल्लीतल्या सगळ्या भावांच्या वाटण्या झाल्या आणि आपल्याच घरची तेवढी राहिली, हे आबासाहेबांना खटकायला लागलं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली त्यांनी पंच बोलावले आणि चार खणांच्या माळवदी घराचे दोन-दोन खण करून टाकले. मधलं दार बुजवायचं ठरलं. भांडीकुंडी नगावर वाटली. हंडा इकडं, घागर तिकडं. कढई इकडं, तवा तिकडं. शेवटी उरले पाटा आणि वरवंटा.

"दोन नग, दोन सुना," आबासाहेब म्हणाले. "पाटा धाकटीला, वरवंटा थोरलीला. फैसला झाला."

पंचांनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या एकानंही जन्मात चटणी वाटली नव्हती.

"नुसता वरवंटा घेऊन मी काय करू? उशाला घेऊ?" कस्तुराबाई म्हणाली.

"अन् नुसता पाटा घेऊन मी काय त्याच्यावर झोपू?" धुरपताबाई म्हणाली.

खरं तर दोघींचा राग सासऱ्यावर होता. पण सासऱ्याला बोलायची सोय नव्हती, म्हणून दोघींनी तो एकमेकींवर काढला. तू मुद्दाम पाट्यावर डोळा ठेवला होतास, तुमीच वरवंटा आधी पदराखाली घेतलाव, असं करत करत गोष्ट माहेरापर्यंत गेली आणि माहेरावरून औंढ्याच्या नागनाथापर्यंत. "तुझ्या उंबऱ्याला पाय लावला, न्हाईतर उंबऱ्यावरून तुझ्याशी शब्द बोलले, तर नागनाथाची आण!" कस्तुराबाईनं हात वर करून सांगितलं. "मला बी तीच आण!" धुरपताबाई म्हणाली. पंच उठून चहाला गेले.

दार बुजवायला गावातला गवंडी आला. आबासाहेबांची बाज धाकटीच्या खणात होती आणि पानाचा डबा नगावर थोरलीकडं गेला होता. म्हणून त्यांनी दाराचा खालचा अर्धा भाग तेवढा बुजवायला लावला आणि वर खिडकी ठेवली. ना गज, ना जाळी. दोन फळ्या आणि छातीइतक्या उंचीचा कट्टा. पान मागायला तोंड काढता आलं की झालं.

दोन दिवस दोन्ही घरांत कोरडं तिखट लावून भाकरी खाल्ली गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर वरवंटा आला. त्याच्या शेजारी परातीत मिरच्या, लसूण आणि मीठ. पलीकडं कुणी नव्हतं. म्हणजे होतं, पण भिंतीला पाठ लावून उभं होतं. धुरपताबाईनं वरवंटा उचलला, दोन्ही घरांची चटणी वाटली आणि परात मुकाट्यानं परत कट्ट्यावर ठेवली. असं तीन आठवडे चाललं. चौथ्या आठवड्यात पलीकडून पहिला शब्द आला.

"मीठ कमी हाय."

"दिलं तेवढंच टाकलंय," धुरपताबाई म्हणाली, आणि तिथून जे बोलणं सुरू झालं ते चौदा वर्षं थांबलं नाही.

आण मोडली का? अजिबात नाही. खिडकीला उंबरा नसतो. धुरपताबाईनं ही गोष्ट स्वतःला नीट समजावली होती, आणि कुणी विचारलंच तर त्यालाही समजावायची. उंबरा नाही म्हणजे पाय लावायचा प्रश्न नाही. दिवेलागणीनंतर उंबऱ्यावरून मीठ, विरजण, केरसुणी द्यायची नसते, लक्ष्मी जाते. पण खिडकीतून दिलं तर लक्ष्मीला कळायचं कारण नाही. हे कळल्यावर अर्धी गल्ली सांजच्याला विरजण मागायला कस्तुराबाईच्या घरात यायची आणि खिडकीतून धुरपताबाईच्या पातेल्यात चमचा घालून जायची. गल्लीत समोरासमोर आल्या की मात्र दोघी जावा माना फिरवायच्या. बाहेर उंबरे होते, लोक होते, आण होती. बोलायचं ते खिडकीत.

धुरपताबाईला बाकी मैत्रीण नव्हती. दत्तराव दिवसाला चार शब्द बोलायचे, त्यातले दोन बैलाशी. त्यामुळं सकाळी दहाच्या सुमाराला वरवंटा कट्ट्यावर टेकला की तिचा दिवस सुरू व्हायचा. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नसतं. पण एकदा कस्तुराबाई आठ दिवस जिंतूरला पाहुणी गेली, तेव्हा जाताना वरवंटा कट्ट्यावर ठेवून गेली होती, तरी धुरपताबाईनं आठ दिवस चटणी वाटली नाही.

पुढं ऐंशी साली कस्तुराबाईच्या मुलीचं, कडूबाईचं लग्न झालं. सख्ख्या पुतणीचं लग्न, घराला घर लागून, आणि धुरपताबाईनं ते अथपासून इतिपर्यंत खिडकीतून बघितलं. हळद खिडकीतून लावली. अक्षता खिडकीतून टाकल्या. मांडव बाहेर होता, म्हणून त्या सगळ्या घरातल्या एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या टोपीवर पडल्या. नवरानवरी आत देवाला आले तेव्हा जिंतूरहून आणलेल्या फोटोवाल्यानं सगळ्यांचा एक फोटो काढला. त्यात मधोमध नवरानवरी, भोवती दोन्हीकडचे वऱ्हाडी आणि वर भिंतीत, चौकटीच्या आत, गंभीर तोंडाची धुरपताबाई. खिडकीला कुणीतरी झेंडूची माळ लावली होती, ती बरोबर तिच्या गळ्याखाली आली. कडूबाईच्या सासरी तो फोटो लावला, आणि तिथं येणारं जाणारं विचारायला लागलं, "ह्या कवा वारल्या?"

गाव हसलं. धुरपताबाई पण हसली. पण त्या दिवशी चटणीत मीठ जास्त पडलं.

पंच्याऐंशी साली तिच्या मुलाला, बन्सीधरला दुसरं लेकरू झालं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, हे सासरी. मुलगा. धुरपताबाईनं गल्लीभर साखर वाटली आणि लगेच सांगितलं, "पाळणा त्याच कड्याला टांगायचा."

ते कडं म्हणजे तुळईला ठोकलेलं लोखंडी कडं. दत्तराव त्याच्याखाली निजले, बन्सीधर निजला. वाटणीत ती तुळई कस्तुराबाईच्या बाजूला गेली, आणि तिच्याबरोबर कडं.

"मोठ्या मायचं न्हाई म्हणणं न्हाई," बन्सीधर म्हणाला. मोठी माय म्हणजे कस्तुराबाई. तिला मुलगा नव्हता आणि बन्सीधर लहानपणी दोन्ही घरांत वाढला होता, खिडकीतून उड्या मारत. "पण बारसं तिकडं झालं तर तू कुठं असशील?"

"हितंच. खिडकीत."

बन्सीधरनं कोनाड्यातून त्या लग्नाच्या फोटोची घरातली प्रत काढून तिच्यासमोर धरली.

"माय, जिवंत माणसानं किती वेळा भिंतीत जायचं?"

आणि तो उठून तडक सटवाजी गवंड्याकडं गेला. बारशाला नऊ दिवस होते. तेवढ्यात खिडकी पाडून तिथं दार करायचं.

आता इथं एक चमत्कार घडला. चौदा वर्षं ज्या दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, त्यांचं या गोष्टीवर चुटकीसरशी झालं.

"पोरगं येडं झालंय," कस्तुराबाई खिडकीत म्हणाली.

"मी त्याला म्हणले, खिडकी गेली तर वरवंटा कुठून यायचा? तर म्हणतोय, दारातून."

"अन् दाराला उंबरा असतोय ते?"

"तेच तर!"

धुरपताबाईनं कट्ट्यावरून हात फिरवला. कट्टा मधोमध वरवंट्यानं घासून गुळगुळीत झाला होता. दार झालं की उंबरा येणार, उंबरा आला की आण येणार, आणि रोज सकाळी दहा वाजता आपण इकडं आणि ही तिकडं, मधे उघडं दार आणि बोलायची चोरी. तिनं पदर डोळ्यांना लावला. "मिरच्या लय तिखट हायत ह्या खेपेच्या," ती म्हणाली.

बन्सीधरनं आईची अडचण ऐकून सटवाजीला सुचवलं, की बिनउंबऱ्याचं दार करा. सटवाजी हा पन्नाशीचा, बुटका आणि आपल्या धंद्याचा फार अभिमान असलेला माणूस होता. त्यानं थापी खाली ठेवली.

"बन्सीधर, चौकट म्हणजे चार लाकडं. तीन लाकडाचं दार गोठ्याला असतंय. तुमाला ढोरं बांधायची असली तर सांगा, मी चाललो."

तेव्हा उंबरा ठरला. आणि दोघी जावांनी, एकमेकींना डोळ्यांनी खुणावून, सटवाजीचा पाहुणचार सुरू केला.

सटवाजीनं पहार उचलली की इकडून धुरपताबाईचा चहा यायचा. चहा संपला की तिकडून कस्तुराबाईचे पोहे. पोह्यांनंतर इकडून शेवया, वर साजूक तूप. शेवयांनंतर तिकडून, "भाऊजी, दोन घास पुरणपोळी खाऊन घ्या, मग बसा कामाला." सटवाजी नाही म्हणणारा नव्हता. जेवण झालं की तो भिंतीला टेकून डोळे मिटायचा, आणि दोघी जावा खिडकीच्या दोन्ही बाजूंनी कुजबुजत वाटण वाटायच्या, त्याची झोप मोडू नये म्हणून. तीन दिवसांत खिडकीच्या दोन फळ्या निघाल्या. सटवाजीचं वजन वाढलं.

चौथ्या दिवशी बन्सीधर मोंढ्याच्या बाजारातून लवकर परतला आणि त्यानं पडलेली भिंत नाही, पडलेला गवंडी बघितला. त्यानं हुकूम काढला, की सटवाजी आपल्या घरून भाकरी बांधून आणील आणि या घरातलं पाणीसुद्धा पिणार नाही. सटवाजीला वाईट वाटलं. पण संध्याकाळपर्यंत कट्टा निघाला आणि भिंत खाली यायला लागली.

धुरपताबाई पाठ करून बसली होती. माती पडायचा आवाज थांबला तेव्हा तिनं मान वळवली, आणि तिला कस्तुराबाईचे पाय दिसले.

चौदा वर्षं रोज बघितलेली जाऊ ही फक्त वरची अर्धी होती, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. कपाळ, नाक, फुगवलेले गाल, वरवंटा धरलेले हात, एवढीच कस्तुराबाई तिला ठाऊक होती. खालची कस्तुराबाई घोट्याला चिंध्या बांधून उभी होती. दोन्ही पाय सुजून टम्म झालेले.

"बाई! पाय सुजलेत की हो तुमचे!"

"दोन सालापासून," कस्तुराबाई म्हणाली.

"अन् बोलला न्हाईत?"

"तू विचारलंस कवा?"

धुरपताबाईला त्या रात्रीची भाकरी गोड लागली नाही. रोज तासभर बोलायचो, तिनं मनात उजळणी केली. गल्लीतल्या एकूण एक सुनेचं बोलायचो, आणि पायाचं विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट बाहेर आली. भिंतीच्या तळाशी सटवाजीची पहार लाकडावर आपटली. माती सारली तर खाली जुना सागवानी उंबरा, घोड्याच्या नालासकट, जिथल्या तिथं. बुजवणारा सटवाजीचा बापच होता, आणि त्यानं उंबरा न काढता वरून भिंत घातली होती.

"बघा!" सटवाजी आनंदानं ओरडला. "माझ्या बापाला बी वाटलं नसंल हे टिकंल म्हणून."

धुरपताबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा याच उंबऱ्यापाशी ठेचकाळली होती. कस्तुराबाईनं तिचा हात धरून आत ओढलं होतं आणि कानात म्हणाली होती, "मी बी हितंच पडले होते, कुणाला सांगू नको." ते तिला लख्ख आठवलं. कस्तुराबाईला आठवलं का ते विचारावं, असं मनात आलं. पण मधे उंबरा होता. तिनं मान खाली घातली आणि उंबरा ओल्या फडक्यानं पुसून काढला, आपल्या बाजूनं, अर्धाच.

सातव्या दिवशी जिंतूरहून चौकटीची बाकीची तीन लाकडं एस्टीच्या टपावरून आली. सटवाजीनं चौकट बसवली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि बारशाच्या सकाळी दार झालं. सरळ, देखणं, दोन फळ्यांचं दार. दोन्ही घरांतली माणसं त्यातून इकडून तिकडं आणि तिकडून इकडं उगीचच चालून बघत होती. दत्तराव एकदा गेले, परत आले आणि "बरं झालं" म्हणाले, म्हणजे दिवसाचे दोन शब्द त्यांनी तिथंच खर्च केले. फक्त दोघीजणी आपापल्या बाजूला तोंड पाडून बसल्या होत्या. दहा वाजून गेले होते आणि वरवंटा आला नव्हता.

दुपार कलली तशा बायका जमल्या. पाळणा कस्तुराबाईच्या घरात कड्याला टांगलेला, फुलांनी सजवलेला. आत्या म्हणून कडूबाई जिंतूरहून आलेली. वरवंटा टोपडं घालून, काजळाची तीट लावून तयार केलेला. कारण बारशाला आधी वरवंटा पाळण्यात घालतात, मग दोघीजणी तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींना देतात, आणि मग लेकराला निजवतात, म्हणजे लेकरू वरवंट्यासारखं घट्टमुट्ट होतं. आता वरवंटा देणारी एक आजी कस्तुराबाई. घेणारी दुसरी आजी उंबऱ्याच्या अलीकडं, हातांवर नातू घेऊन उभी.

"ये की माय," बन्सीधर म्हणाला.

"आण हाय."

"मग काय करायचं?"

धुरपताबाईनं जरा विचार केला. "तुझ्या आज्याच्या माघारी रिकामी पडलेली ती बाज आण. आडवी लाव दारात. वर गोधडी टाक."

बन्सीधरनं कपाळावर हात मारला. पण बायका खोळंबल्या होत्या, लेकरू किरकिर करायला लागलं होतं. त्यानं बाज आणली, दाराच्या खालच्या अर्ध्या भागात आडवी उभी केली आणि वर गोधडी घातली. झाली खिडकी.

बरोबर याच वेळी सटवाजी गवंडी नवी टोपी घालून, आपलं काम चार पाहुण्यांना दाखवायला आत आला. तो बाजेकडं बघत उभा राहिला.

"आठ दिवस मग मी काय करायलो होतो?" त्यानं विचारलं.

धुरपताबाईनं नातवाला गोधडीवरून कडूबाईच्या हातात दिलं आणि गोधडीवर दोन्ही कोपरं टेकून उभी राहिली. पलीकडं दाटीवाटीनं बायका. त्यांतल्या एका पाहुणीनं वर बघितलं आणि शेजारणीच्या कानात काहीतरी विचारलं. शेजारीण हसली. काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण धुरपताबाईला न ऐकता कळलं. नातवाचं बारसं, आणि आपण पुन्हा चौकटीत. ह्या कवा वारल्या?

"मी जरा ताट घेऊन येते," ती कुणालाच न उद्देशून म्हणाली आणि मागं फिरली.

मोडायचीच तर आण चोरून कशाला मोडायची? बाजेखालून रांगत जाणाऱ्यातली ती नव्हती. तिनं नवं लुगडं नीट केलं, हळदकुंकवाचं ताट हातात घेतलं, आपल्या पुढच्या दारानं बाहेर पडली, भर गल्लीतून, सगळ्यांच्या देखत चालत कस्तुराबाईच्या पुढच्या दारापुढं आली. "नागनाथा, माफ कर, लेकराचं काम हाय," असं पुटपुटून तिनं डोळे मिटले आणि उंबऱ्यावर चांगला पाय रोवून आत गेली. आभाळ कोसळलं नाही.

आतल्या बायकांची तोंडं उघडी पडली. धुरपताबाई ताठ मानेनं पाळण्यापाशी जाऊन उभी राहिली, ताट एका हातावर सावरलं आणि दुसरा हात पुढं केला.

"हं, बाई. द्या वरवंटा."

कुणी देईना. पाळण्याच्या पलीकडची जागा रिकामी होती.

"बाई कुठं गेल्या?"

"पाणी प्यायला म्हणून मागल्या अंगणात गेली," कडूबाई म्हणाली. "वरवंटा घेऊन."

तेवढ्यात दारातल्या बाजेमागं, धुरपताबाईच्या स्वतःच्या घरात, धापा टाकल्याचा आवाज आला. गोधडीच्या वर आधी टोपडं घातलेला वरवंटा दिसला आणि मागोमाग कस्तुराबाईचं घामेजलेलं तोंड.

कस्तुराबाईला गल्लीची लाज वाटली होती. म्हणून ती मागच्या दारानं निघून, परसातली सांडपाण्याची नाली ओलांडून, त्या सुजल्या पायांनी, धुरपताबाईच्या मागच्या उंबऱ्यावर पाय देऊन आत शिरली होती. आता चौदा वर्षांनी दोघी जावा पुन्हा समोरासमोर उभ्या होत्या, मधे बाज, आणि दोघीही चुकीच्या घरात.

"तू माझ्या घरात काय करायलीस?" कस्तुराबाई म्हणाली.

"अन् तुमी माझ्या घरात काय करायलाव?"

पहिल्यांदा हसले ते दत्तराव. मग जे हसू फुटलं ते पार गल्लीत गेलं. बाळंतीण पोटाला हात लावून म्हणाली, "मामी, पुरे करा, टाके न्हाईत पण असल्यासारखं दुखायलंय." सटवाजीनं पुढं होऊन बाज एका हातानं उचलली आणि भिंतीला लावली. हे काम त्याला फार दिवस करायचं होतं.

दार मोकळं झालं. कस्तुराबाई तिकडून बघत होती, धुरपताबाई इकडून.

"या की, बाई," धुरपताबाई म्हणाली. "आता तुमचंच घर हाय इकडं. सोत्ताच्या घरात यायला कसली आण?"

कस्तुराबाईनं याचा नीट विचार केला. मग तिनं पाय उचलला. पाय जड होता आणि उंबरा उंच. ती अडखळली. धुरपताबाईनं ताट कुणाच्या तरी अंगावर टाकून तिचा हात धरला आणि आत ओढलं.

"पडत होते," कस्तुराबाई म्हणाली.

"कुणाला सांगत न्हाई मी," धुरपताबाई म्हणाली. कस्तुराबाईनं तिच्याकडं चमकून बघितलं. दोघींनाही एकदम रडू आलं, आणि बायका आणखी हसायला लागल्या, कारण दोघींच्या मधे टोपडं घातलेला वरवंटा चेंगरत होता.

आता नागनाथाचं काय? मोडलेली आण दोघींची सारखीच होती. दोघींनी बाजूला होऊन दोन मिनिटं कुजबूज केली आणि बन्सीधरनं चांगलं पत्रिका बघून काढलेलं नाव रद्द झाल्याचं कडूबाईला सांगितलं. मुलाचं नाव नागनाथ ठेवायचं. दिवसातून पन्नास वेळा देवाचं नाव तोंडात येईल, दोन म्हाताऱ्या मरेपर्यंत फिटून जाईल. बन्सीधरला विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, की मला दार मिळालं, नाव तुमी ठेवा.

भांडण संपलं असं मात्र कुणी समजू नये. आधी कुणी आण मोडली, हा नवा विषय निघाला. "आधी तुमी आलाव, नालीची वाट जवळची," धुरपताबाई म्हणायची. "माझे पाय सुजलेले, मी जवळून बी उशिरानंच पोचले, आधी तूच," कस्तुराबाई म्हणायची. हा खटला त्या दोघी उंबऱ्यावर बसून चालवायच्या. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, पण त्यांना सांगणार कोण? आणि धुरपताबाई जावेचे पाय आपल्या मांडीवर घेऊन त्यांना एरंडेल चोळायची. मधे दोघी बसलेल्या, त्यामुळं बाकीच्यांना दारातून जाता यायचं नाही. सगळं घर पूर्वीसारखंच गल्लीतून वळसा घालून जायचं.

चार-पाच वर्षांनी बन्सीधरला वाटलं, मोठ्या मायनं या वयात रोज तो जड वरवंटा उचलून कशाला आणायचा? परभणीला गेला तेव्हा त्यानं नवा पाटा आणि नवा वरवंटा, अशी जोडी घेतली आणि एस्टीत मांडीवर धरून आणली. कस्तुराबाईच्या चुलीपाशी ठेवली.

"आता तुझं तुला वाटता येईल, मोठी माय. इकडं यायची गरज न्हाई."

कस्तुराबाईनं नवा पाटा बोटानं वाजवून बघितला. चांगला हाय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बन्सीधर बघतो, तर मधल्या दाराच्या एका फळीला नवा पाटा टेकवून ठेवलेला, दुसरीच्या खाली नवा वरवंटा सारलेला. वारं आलं की दार आपोआप लागतं, अशी दोघींची कधीपासूनची तक्रार होती. आणि दहा वाजता कस्तुराबाई जुना वरवंटा पोटाशी धरून, भिंतीचा आधार घेत, हळूहळू उंबऱ्याकडं येत होती.